बांडगुळाचा साचा

"हे काय आहे?" डिसोझासाहेबांनी विचारलं.

"मिसलटो," किशनसेठ म्हणाले.

डिसोझासाहेबांनी ती प्लास्टिकची डहाळी उलटीसुलटी करून पाहिली, चष्मा कपाळावर चढवला आणि हसू आवरत म्हणाले, "किशनभाई, मी बांद्र्याला जन्मलो. लहानपणापासून ख्रिसमस करतोय. हे मिसलटो नाही. हे काय आहे ते देवालाच ठाऊक."

सेठनी माझ्याकडे पाहिलं. मी डहाळीकडे पाहिलं. लांबट जाड पानं, नळीसारखी नारिंगी फुलं, त्यांची हिरवी टोकं, गुलाबी फळं. आमच्या टूलरूममधून इतका सुबक माल कधी निघाला नव्हता, असं माझं तेव्हा मत होतं आणि आजही आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी डायमेकर, म्हणजे साचे करणारा. उल्हासनगरला किशनसेठचा प्लास्टिकच्या फुलापानांचा कारखाना होता, त्याच्या टूलरूमचा मी इनचार्ज. साचा म्हणजे काय, तर इडलीपात्र समजा. दोन पोलादी ठोकळे, त्यात पानाच्या आकाराचा खड्डा. ठोकळे मिटायचे, वितळलेलं प्लास्टिक आत दाबायचं, गार झालं की उघडायचं. इडली जशी न तुटता सुटली पाहिजे, तसं पानही सुटलं पाहिजे. ते सुटेल असा खड्डा करणं हेच सगळं कसब.

सुटी पानं-फुलं काडीवर बसवायचं काम फिटिंग सेक्शनच्या बायका करायच्या. माझी बायको सुनंदा त्या सेक्शनची सुपरवायझर. दोन हजार सालानंतर बाजारात चायना माल आला आणि आमचे गुलाब पडून राहायला लागले. सेठनी फिटिंग सेक्शन बंद करायचं जवळजवळ ठरवलंच होतं. तेवढ्यात मुंबईचे एक्स्पोर्ट एजंट डिसोझासाहेब ऑर्डर घेऊन आले. परदेशात नाताळला दारावर टांगतात ती मिसलटोची डहाळी. सॅम्पल पास झालं तर गणपतीच्या आधी माल बोटीवर, आणि बायकांचं काम शाबूत. नापास झालं तर सेक्शनला कुलूप. सुनंदाला हे माहीत होतं, म्हणून आमच्या घरी त्या दिवसांत मिसलटो हा शब्द दिवसातून दहादा निघायचा.

डिसोझासाहेबांनी तेव्हा नमुना दिला नव्हता, एक फॅक्स पाठवला होता. फॅक्सवर चित्र म्हणजे शाईचा डाग. आणि आमच्या उल्हासनगरचा धंदाच नमुन्यावर चाललेला. चित्रावरून इथे कोणी काम करत नाही. किशनसेठचं ब्रीदच होतं, "साईं, सॅम्पल लाओ, चाँद भी बना देंगे." मग सुनंदाने मुलीची शाळेतली डिक्शनरी काढली. मिसलटो म्हणजे बांडगूळ. आम्ही दोघं हसायला लागलो. त्यासाठी लंडनला कशाला जायचं? काखेत कळसा आणि गावाला वळसा. बदलापूरच्या बाजूला आंब्याआंब्यावर पडलंय की.

रविवारी मी चामटोलीला गेलो. तिथे हिरूबाई नावाची एक म्हातारी होती, सुनंदाच्या माहेरची ओळख. तिच्या विहिरीजवळच्या आंब्यावर बांडगूळ एवढं माजलं होतं की आंबा कुठला आणि पाहुणा कुठला ते कळत नव्हतं.

"सगला न्ये बाबा," ती म्हणाली. "मोहोर धरत नाय का काय नाय. नुसता बसून खातोय." मग विहिरीकडे झुकलेल्या एका फांदीकडे बोट केलं. फांदीला चिंधी बांधलेली होती. "त्या फांदीला मात्र हात नाय लावायचा."

मला वाटलं नवसाबिवसाची असेल. मी दुसऱ्या फांद्यांवरचं भारंभार तोडून घेतलं आणि रिक्षात घालून घरी आलो.

साचा करायची आमची रीत अशी. खऱ्या पानाचा रबरात ठसा घ्यायचा. ठशावर तांब्याचा थर चढवायचा. मग तो तांब्याचा तुकडा स्पार्क मशीनला लावून, विजेच्या ठिणग्यांनी पोलादात तसाच खड्डा पाडायचा. पानावर जी शीर, जो डाग, जो ओरखडा असेल तो जसाच्या तसा उतरतो. मी जीव ओतून काम केलं. आणि ते काम घेऊन आम्ही डिसोझासाहेबांसमोर बसलो होतो.

"पांढरी फळं पाहिजेत," डिसोझासाहेब सांगत होते. "मोत्यासारखी. दोन-दोन पानं, आणि काडी अशी दुभंगत जाते, इंग्रजी वायसारखी." त्यांनी ब्रीफकेसमधून एक रंगीत ग्रीटिंग कार्ड काढलं. "हे बघा. यावरून करा."

"कार्डवरून नाही होत साहेब," मी म्हणालो. "पान किती जाड, सांध्याला वळण किती, फळ कुठून निघतं, काही दिसत नाही. खरं आणून द्या."

"खरं कुठून आणू? विमानाने येईपर्यंत सुकून काळं पडेल."

ते गेल्यावर किशनसेठ एकदम तापले. "सकपाळ, डाय का लोहा कबाड में जाएगा! डिक्शनरी बघून कोणी डाय बनवतं काय? तुझ्या मिसेसला सांग, सेक्शनचं मला काही सांगता येत नाही आता."

"सेठ, एक संधी द्या."

"संधी मी दिली तर चायना देणार आहे का?" पण थोड्या वेळाने त्यांनीच चहा मागवला, एक कप माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाले, "साईं, सॅम्पल ढूंढ. जल्दी."

घरी आल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. तिने माझं ताट वाढलं, आपलं मात्र घेतलं नाही. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. डिक्शनरी तिने काढली होती ना, ते तिच्या मनाला लागलं होतं.

अंबरनाथला आमच्या वरच्या मजल्यावर पाटणकर मॅडम राहायच्या. कॉलेजात बॉटनी शिकवायच्या. मी नापास झालेली डहाळी आणि ते ग्रीटिंग कार्ड घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवलं आणि त्यांचा चेहरा खुलला. कॉलेजातल्या पोरांनी त्यांना इतक्या आवडीने कधी प्रश्न विचारला नसावा.

"डिक्शनरी चुकलेली नाही, सकपाळ. दोन्ही बांडगुळंच. पण जात वेगळी. आंबा आणि काजू एका कुळातले असतात, म्हणून आंब्याच्या जागी काजू चालतो का?"

"मग ते पांढऱ्या फळाचं आपल्याकडे नाहीच?"

"त्याचे भाऊबंद आहेत. विस्कम म्हणतात त्यांना. पानं जोडीने, काडी दुभंगत जाणारी, फळं पिवळट-पांढरी." त्या थांबल्या आणि हसल्या. "पण सापडतात कुठे सांगू? त्यातलं एक तर बहुतेक बांडगुळावरच वाढतं."

"बांडगुळावर बांडगूळ?"

"हो. आंब्याला हे लुटतं, याला ते लुटतं."

मी उल्हासनगरात उभी हयात काढलेला माणूस. कॉपीची कॉपी म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मला त्या झाडाबद्दल एकदम आपुलकी वाटली.

पुढच्या रविवारी मॅडम माझ्याबरोबर चामटोलीला आल्या. आंब्याजवळ पोचलो आणि बघतो तर काय. हिरूबाईने झाड साफ करून घेतलं होतं. आणि नुसतं बांडगूळ ओरबाडलं नव्हतं, जिथे जिथे ते होतं तिथे सांध्याच्या खाली हातभर फांदी उतरवली होती. खाली तोडलेल्या फांद्यांचा ढीग वाळत पडला होता.

"अगदी बरोबर तोडलंय," मॅडम म्हणाल्या. माझा जीव जात होता आणि या कौतुक करत होत्या. त्यांनी ढिगातली एक फांदी उचलली आणि सुजलेल्या गुडघ्यासारखी दिसणारी गाठ दाखवली. "याची मुळं मातीत नसतात. या गाठीतून लाकडात शिरतात आणि झाडाचं पाणी नि क्षार ओढतात. नुसतं वरून तोडलं तर आतून परत फुटतं. जेवण मात्र हे स्वतःचं स्वतः करतं, पानं हिरवी आहेत ना. म्हणजे अर्धा चोर. पाणी शेजाऱ्याच्या नळाचं, स्वयंपाक आपला."

"आणि फांदीवर चढतं कसं?"

"फुलटोच्या नावाचा चिमणीहून लहान पक्षी असतो. तो फळ गिळतो, गर पचतो, पण बी डिंकासारखं चिकट. बाहेर पडताना ते शेपटीखाली चिकटून बसतं. मग तो फांदीवर बूड घासतो. झाली पेरणी."

हिरूबाई तोंडाला पदर लावून हसली. "येवढी शिकलेली बाई आन काय सांगतेय बघ."

"खरंय ते, आजी," मॅडमही हसल्या. "उगीच तोडून संपवूही नका हो सगळं. याच्या फुलांवर शिंजीर पक्षी येतात. ते पिवळं-लाल हळदीकुंकू फुलपाखरू असतं ना, त्याच्या अळ्या याचीच पानं खातात."

माझं लक्ष यातल्या कशाकडेच नव्हतं. मी विहिरीकडे बघत होतो. चिंधीची फांदी जागेवर होती, आणि तिच्यावरचं बांडगूळही. मॅडम खाली जाऊन मान वर करून उभ्या राहिल्या. मग त्यांनी नुसतं बोट दाखवलं. बांडगुळाच्या एका जाड काडीतून वेगळाच पोपटी झुबका फुटला होता. पानं जोडीजोडीने. काडी दुभंगलेली, परत दुभंगलेली. आणि सांध्यासांध्यात पिवळट-पांढरी बारीक फळं.

मी खिशातून चाकू काढला.

"ए!" हिरूबाई ओरडली. "लोखंड नाय लावायचा त्याला. औषध हाय त्या." ती माझ्या आणि फांदीच्या मध्ये येऊन उभी राहिली. "कोनाचा हाड मोडलाय?"

"हाड?"

तिने आपला डावा हात पुढे केला. मनगटाजवळ किंचित बाक होता. "विहिरीवर पडले होते. ह्याच कुटून गरम करून बांधला. वर बांबूच्या कामट्या. सासूनं ही फांदी राखली, मी पन राखली. आंब्यावरचा असला तरच घ्यायचा. काजऱ्यावरचा घेतला तर मानूस जातो."

मी मॅडमकडे पाहिलं. "त्या म्हणतात ते बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. "काजरा म्हणजे कुचला, विषारी झाड. त्याच्यावरच्या बांडगुळात तेच विष उतरतं. म्हणून वैद्य आधी झाड विचारतात, मग बांडगूळ. हाडाचं म्हणाल तर ते शरीरच जुळवतं, आणि कामट्यांचा वाटा मोठा. लेपाने सूज उतरते म्हणतात, त्याचा अभ्यास चालू आहे. तिकडे युरोपात त्यांच्या मिसलटोचं इंजेक्शन काढतात, कॅन्सरच्या रोग्यांना देतात. त्यावर डॉक्टरांचे वाद आहेत. आणि त्याची फळं खाल्ली तर बाधतात."

"मंग कोनाचा मोडलाय सांग," हिरूबाईने परत विचारलं. तिचा नियम साधा होता. गरज असेल त्यालाच, आणि लागेल तेवढंच.

खोटं सांगायचं मनात आलं नाही असं नाही. पण मला खोटं बोलताना घाम येतो. मी म्हणालो, "कोणाचं नाही. मला याच्यासारखं प्लास्टिकचं करायचंय."

"प्लास्टिकचा औषध?"

"औषध नाही आजी. शोभेचं. साहेब लोकांच्या देशात सणाला दारावर टांगतात."

"तोरणासारखा?"

"तसंच. आणि त्याच्याखाली बाई आणि माणूस समोरासमोर आले की..." मी अडखळलो.

"की काय?"

"मुका घ्यायचा असतो," मॅडमनी वाक्य पुरं केलं.

हिरूबाई विहिरीच्या कट्ट्यावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "मुका घ्यायला बांडगूल कशाला रं लागतंय त्यांना?"

मग मी तिला सुनंदाचं सांगितलं. हे पास झालं नाही तर तिचं आणि तिच्या हाताखालच्या बायकांचं काम जाणार, एवढंच. हिरूबाईचं हसू थांबलं. ती उठली, हात वर करून फांदी खाली ओढली आणि नखाने सांध्यावर दाबून एक डहाळी मोडली. एकच. तळहातभर.

"सुनंदाला सांग, हिरूबाईनं दिलाय म्हनून."

ओल्या फडक्यात गुंडाळून ती डहाळी मी मांडीवर घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी ठसे घेतले. पानं जाड, चामड्यासारखी, त्यामुळे ठसा झकास उठला. एका पानाची कड कुठल्यातरी अळीने कुरतडली होती. ते पान टाकावंसं वाटलं, पण चांगल्या मापाचं तेच होतं. कुरतडलेलं तर कुरतडलेलं, खरं दिसेल, म्हणून राहू दिलं.

खरी अडचण फळाची होती. फळ सांध्याच्या खाचेत बसतं. पान आणि फळ एकाच साच्यात काढलं तर फळ खाचेत अडकून साचा उघडत नाही. सुजलेल्या बोटातली अंगठी निघत नाही, तसं. आमच्या भाषेत याला अंडरकट म्हणतात. सोपा उपाय म्हणजे फळ पानावर वरून चिकटवणं. पण खऱ्या डहाळीत ते तसं नव्हतं. मग मी सांध्यात बारीक भोक ठेवलं, फळाला खाली खुंटी दिली आणि फळं वेगळ्या साच्यात काढली. पानाची लांबी कार्डावरून घेऊन ठसा देठाकडे तेवढा वाढवला, कारण त्यांच्याकडचं पान जरा लांब असतं. सांधा मात्र चामटोलीचाच ठेवला.

"फिटिंगला वेळ जाईल," किशनसेठ कुरकुरले. "एक-एक बेरी हाताने दाबायची?"

"म्हणून तर बायका लागतील, सेठ," सुनंदा म्हणाली. सेठ तिच्याकडे बघत राहिले आणि मग हसले.

डिसोझासाहेब आले. डहाळी हातात घेतली. फळ चिमटीत धरून ओढून पाहिलं, निघालं नाही. मग ते दारापाशी गेले आणि डहाळी चौकटीवर धरून लांबून बघत राहिले. सुनंदा फिटिंग सेक्शनच्या काचेमागे उभी होती, आणि तिच्यामागे बाकीच्या बायका.

"किशनभाई," ते म्हणाले, "माझ्या आईच्या घराची आठवण झाली."

ऑर्डर पास झाली. गणपतीच्या आधी माल बोटीवर चढला. पुढच्या वर्षीही चढला. त्याच्या पुढच्या वर्षी ऑर्डरच आली नाही. सेक्शनमध्ये परत कुजबुज सुरू झाली. सुनंदाने परत ताटाकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली.

मग एक दिवस डिसोझासाहेब खोकं घेऊन आले. ते जरा ओशाळलेले होते. खोक्यातून त्यांनी मिसलटोची एक डहाळी काढली. "चायनाचा माल," ते म्हणाले. "स्वस्त पडतो. पार्टीने तिकडूनच घेतला. मी काय करणार?"

मी डहाळी घेतली आणि सवयीने पानाच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी अडखळला. अळीने कुरतडलेली कड. दुसरी डहाळी काढली, तिलाही तीच. तिसरीलाही.

"सेठ," मी म्हणालो, "हे आपलं पान आहे. हिरूबाईच्या आंब्यावरचं."

किशनसेठनी पान उजेडात धरलं. मला वाटलं आता आरडाओरडा होणार. मला स्वतःला कोणीतरी खिसा कापल्यासारखं झालं होतं. पण सेठच्या चेहऱ्यावर हळूहळू भलतंच तेज चढलं.

"साईं," ते म्हणाले, "चायना ने अपनी कॉपी मारी? उल्हासनगर की?" आणि त्यांनी ऑफिसात सगळ्यांना पेढे मागवले. उभा जन्म दुसऱ्यांच्या वस्तूंची नक्कल करण्यात गेलेल्या माणसाला यापरता सन्मान नाही.

"मी त्यासाठी आलेलो नाही," डिसोझासाहेब पेढा हातात धरून म्हणाले. "प्रॉब्लेम आहे. बेऱ्या गळतायत. खोकं उघडलं की अर्ध्या तळाला."

मी पाहिलं. त्यांनी पान उचललं होतं, सांधा उचलला नव्हता. भोक नाही, खुंटी नाही. फळ वरून गोंदाने डकवलेलं. सोपा उपाय त्यांनी केला होता.

"सगळा माल इथे उतरवतो," डिसोझासाहेब म्हणाले. "भोकं पाडून फळं नीट बसवून द्याल का? दर वर्षी?"

किशनसेठ उठले. त्यांनी काचेपलीकडे बसलेल्या सुनंदाला हाक मारली आणि उत्तर तिला द्यायला लावलं.

त्या वर्षीपासून आमच्या बायका चायनाच्या डहाळ्यांवर आमची फळं बसवू लागल्या. इंग्रजांचं बांडगूळ, त्याची आम्ही केलेली नक्कल, तिची चायनाने केलेली नक्कल, आणि तिच्यावर जगणारं आमचं फिटिंग सेक्शन. पाटणकर मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शहाणं बांडगूळ झाड मारत नाही, सकपाळ. झाड मेलं तर त्याचं पाणी तुटतं." धंद्यात मी एवढंच शिकलो. नमुना हातात आला म्हणून हुरळून जाऊ नये, तो कशावर वाढलाय ते आधी बघावं. आणि सोपा उपाय दुसऱ्यांसाठी ठेवावा, आपल्याला पुढे काम मिळतं.

साफ केलेल्या आंब्याला नंतर चांगला मोहोर आला. हिरूबाईने चिंधीची फांदी शेवटपर्यंत राखली.

सुनंदा त्याच सेक्शनमधून रिटायर झाली. निरोपाला बायकांनी तिला कुरतडलेल्या पानांच्या डहाळ्यांचा मोठा झुबका बांधून दिला, फळं घट्ट बसवलेला. तो आमच्या दारावर टांगलेला आहे. त्याच्याखाली समोरासमोर आलं की काय करायचं असतं ते आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. आम्ही तिथे चपला काढतो.